पश्चिमेची भिंत

सोलापूर
२ मार्च २०२५

कुमुद,

तुझं पत्र काल मिळालं. खाली राहणाऱ्या चंद्रव्वांनी वर आणून दिलं. त्यांच्याच माडीवरच्या दोन खोल्यांत मी राहते. पाकीट नाकाशी धरून म्हणाल्या, "आक्का, समुद्राकडनं आलंय वाटतं. वास येतोय की मासळीचा."

मासळीचा नव्हता, ओलीचा होता. कपाटातल्या कागदांना, उशीच्या अभ्र्यांना येतो तो. चौतीस वर्षं मी त्या वासात राहिले. इथे मार्च लागताच ओठ फुटतात इतकी कोरडी हवा, आणि मी ते पाकीट फोडायच्या आधी दोनदा हुंगलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं. खोडायची मला सवय नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी पत्रलेखनाचा तास असायचा आणि खाडाखोड केलेलं पत्र सिस्टर फाडून टाकायच्या.

मी फोन उचलत नाही म्हणून तुला कागद-पेन शोधावं लागलं. बरं झालं. माझा नवरा, तुझे थोरले दीर गेले, हेसुद्धा तू लोकांना फोनवरच सांगितलंस. फोनवर सगळं हलकं होतं.

तर तुझं म्हणणं असं. पश्चिमेच्या भिंतीचा रंग दोन वर्षांत पापुद्रे होऊन गळतो आहे. खाली पांढरं मीठ फुटलं आहे. खोल्यांत उतरणारे पाहुणे 'कुबट वास येतो' असं इंटरनेटवर लिहून जातात. शहरातून आणलेला रंगारी म्हणतो, जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करू, वरून रबरासारखा रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. आणि विद्याधरभावोजी येता-जाता, गड्यामाणसांसमोरसुद्धा, तुला ऐकवतात, "वहिनींच्या वेळी असं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. फार गोड लागलं. तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

आता माझी अट. त्या घराचं बाहेरचं अंग पावसाआधी कसं राखायचं ते सगळं मला ठाऊक आहे. तुला नाही. मी ते सांगेन, पण एका पत्रात एकच गोष्ट. आणि प्रत्येक गोष्टीमागे मी एक प्रश्न विचारीन. त्याचं खरं उत्तर तुझ्या हाताने लिहून आलं, तरच पुढचं पत्र जाईल. भावोजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्या अंदाजाने तू सांगणार नाहीस.

पहिली गोष्ट आगाऊ देते, कारण ती थांबण्यासारखी नाही. रंगाऱ्याला परत पाठव. भिंत जांभ्या दगडाची आहे, पाणी पिते आणि वाऱ्यावर ते परत सोडते. सिमेंट आणि रबर लावलंस की पाणी आत कोंडेल, आणि तीन पावसाळ्यांत चिरा आतून भुसभुशीत होईल. आपला कौलं चाळणारा धाकू म्हणायचा ते आठव: "वयनीनू, भित बी मानसासारकी. तिला पलाष्टिक गुंडालला तर घामानं मरंल ती." धाकू गेला आता, पण त्याचं बरोबर होतं.

माझा प्रश्न. रघुवीर जाऊन चार महिने झाल्यावर तुम्ही दोघांनी मला सांगितलं की ओलीने तुमची छाती भरते, पावसाळा सोलापूरला काढा. मी आले. दिवाळीला चार दिवस असताना परतले तर माझ्या खोलीच्या दारावर '३' असा बिल्ला होता, आत पुण्याचं एक जोडपं होतं, आणि माझं सामान गोठ्यात दोन खताच्या गोणींत बांधलेलं होतं. त्या गोणी कुणी भरल्या?

पत्राला तारीख घाल. शेवटी पूर्ण नाव आणि सही. अर्धवट पत्र मी वाचत नाही. ही सिस्टरांची शिकवण.

वैजयंती


सोलापूर
१९ मार्च २०२५

कुमुद,

पत्र पोचलं. तारीख, नाव, सही, सगळं आहे. हुशार आहेस.

तू लिहितेस, "गोणी मीच भरल्या. हे म्हणाले, पाहुणे यायच्या आत खोली मोकळी कर. पण ताई, साड्या घड्या घालूनच भरल्या, चुरगळू दिल्या नाहीत."

हे चंद्रव्वांना वाचून दाखवलं. भाकरी थापत होत्या, हात थांबवून म्हणाल्या, "घडी घालून भरल्या व्हय? लई मायाळू हाय की तुमची जाऊ!" आणि पुढची भाकरी थापायला लागल्या.

ठरल्याप्रमाणे दुसरी गोष्ट. भिंतीवर फुटलेलं मीठ पाण्याने धुवायचा मोह होईल. धुवू नकोस. धुतलंस की ते विरघळून परत दगडात जातं. काथ्याचा कोरडा कुंचा घे, वरून खाली झाड. खाली जुनं धोतर अंथर आणि पडलेलं मीठ उचलून लांब नेऊन टाक, जोत्यापाशी राहू देऊ नकोस. तू भिंतीवर शोभेची वेल चढवली आहेस असं ऐकते. ती मुळापासून काढ. वेल भिंतीला ओलं फडकं बांधल्यासारखी असते. मग महिनाभर भिंत तशीच उघडी सोड आणि पश्चिमेच्या खिडक्या दिवसा सताड उघड्या ठेव.

खिडक्यांची चूक मीही केली होती. तू तेव्हा आली नव्हतीस. सोलापुरात फाल्गुन-चैत्रात धुळीच्या वावटळी येतात. आम्ही माहेरी पश्चिमेच्या खिडक्या बंद करून फटींत चिंध्या कोंबायचो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिथे समुद्रावरही तेच केलं. दोन महिन्यांत भिंत आतून काळी पडली. सासूबाईंनी सगळी आळी बोलावली. "या, बघा! आमच्या सोलापूरकरणीने घराचं लोणचं घातलंन!" सगळ्या बायका हसल्या. रघुवीर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी त्यांनी एकेक चिंधी स्वतः उपसून काढली आणि मला म्हणाले, "इथला वारा चोर नाही, येऊ दे त्याला." त्या दिवसापासून मी ते घर शिकायला घेतलं.

प्रश्न दुसरा. २०२३च्या एप्रिलमध्ये, त्यांना जाऊन तीन महिने झाले होते, भावोजी आपल्या दोघींना तालुक्याला नोंदणी कचेरीत घेऊन गेले. म्हणाले, विजेच्या मीटरवर दादाचं नाव आहे ते बदलायचं. मी विचारलं, मीटरला फोटो आणि अंगठे कशाला? ते म्हणाले, "आता सगळीकडे लागतात, वहिनी. वाचून बघा हवं तर." धाकट्या दिरासमोर कागद वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. आपल्याकडे थोरली भावजय असं करत नाही. टेबलामागच्या माणसाने "समजलं ना?" विचारलं, मी मान हलवली. ते हक्कसोडपत्र होतं. रघुवीरांचा घरातला अर्धा वाटा मी राजीखुशीने सोडला असं त्यात लिहिलं होतं, ते मला दिवाळीत, गोणींपाशी उभी असताना कळलं.

मीटरचं निमित्त कुणी काढलं? आणि कागद कसला आहे ते त्या सकाळी तुला माहीत होतं का?

वैजयंती


सोलापूर
७ एप्रिल २०२५

कुमुद,

इथे आज त्रेचाळीस आहे. गच्चीवर चंद्रव्वांचे पापड तासाभरात कडकडीत होतात. माझ्या खोलीच्या भिंतींना काही म्हणजे काही करावं लागत नाही. उन्हाने तडे जातात, तेवढेच. कधी कधी मला अशा भिंतींची दया येते, त्यांना कुणाची गरजच नाही.

तुझं उत्तर वाचलं. मीटरचं निमित्त भावोजींचं. तुला आदल्या दिवशी सांगितलं. कागद कसला ते तुला माहीत होतं. इथपर्यंत सरळ लिहिलं आहेस. पुढे लिहितेस, "मला मनातून वाटत होतं की ताई वाचतील आणि थांबतील."

कशाने वाचणार होते ग मी?

कचेरीत मी पर्स उघडली तेव्हा चष्म्याचं घर होतं, आत चष्मा नव्हता. संध्याकाळी तो देवघराच्या फळीवर निरांजनामागे सापडला. मी कधीही तिथे चष्मा ठेवत नाही. तेव्हा वाटलं, रघुवीर गेल्यापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही. घरात सगळ्यांनी तसंच म्हटलं. तू तर मला बदाम भिजवून दिलेस, आठवणीला चांगले म्हणून. मी खाल्ले.

माझा तिसरा प्रश्न तुला कळला असेल. चष्मा तिथे कसा गेला?

आणि तिसरी गोष्ट, लाकूड. दारं-खिडक्या फुगून लागत नाहीत म्हणतेस. तालुक्याच्या काजू कारखान्यात काजूच्या सालीचं तेल मिळतं. काळं, दाट. होड्यांनाही तेच लावतात. जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढ, दोन दिवस लाकूड उन्हात वाळू दे, मग ते तेल लाव. कुंच्याने मुरत नाही. फडकं घेऊन हाताने चोळ, लाकडाच्या रेषेने. गड्यांवर सोपवू नकोस, ते वरवर फासतात. तूच कर. मी चौतीस वर्षं स्वतः केलं.

वैजयंती


सोलापूर
२६ एप्रिल २०२५

कुमुद,

अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं. हाताची साल निघाली, फोड आले, डॉक्टरांनी मलम दिलं, पेन धरवत नाही. तरीही पत्र पुरं केलंस, सही केलीस.

त्या तेलाने कातडी भाजते. आधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळायचं, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या, मग फडकं धरायचं. हे मला माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं नाही.

माझी मैत्रीण हुस्ना दर रविवारी येते. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तिला तुझं पत्र दाखवलं तेव्हा ती चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "क्या वैजू! चॅपलमध्ये सगळ्यांत पुढे गुडघे टेकून बसायचीस तू. सिस्टरांना कळलं असतं तर छडी तुटली असती तुझ्यावर." मी म्हटलं, तुटू दे. मग तिने विचारलं, वाईट नाही वाटत? मी खरं सांगितलं. पत्र उघडल्यावर पहिल्यांदा आनंद झाला. संध्याकाळपर्यंत टिकला. नंतर तू नवी नवरी होतीस तेव्हा केळफूल चिरून तुझे हात काळे झाले होते आणि मी ते चिंचेने चोळून धुतले होते, ते आठवत राहिलं. तुझे हात तेव्हा फार लहान होते.

असो. तू लिहितेस, "चष्मा मीच तुमच्या पर्समधून सकाळी काढला. तुम्ही आंघोळीला गेल्या होतात. ह्यांनी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं."

ह्यांनी सांगितलं नव्हतं. हे वाक्य मी अपेक्षिलं नव्हतं. हुस्नाने तेवढीच ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

फोडांवर खोबरेल लाव, मलमापेक्षा बरं. आणि चौथी गोष्ट, चुना. हात बरे झाल्यावर कर.

चुनकळी पिंपात घालून चार दिवस भिजव. पाणी मागच्या विहिरीचं घे. पुढच्या विहिरीचं पाणी होळीनंतर मचूळ होतं, आणि तुम्ही मोटर नेमकी तिच्यावर बसवली आहे. तुमचा रंग टिकत नाही त्याचं अर्धं कारण हेच, तुम्ही आपल्या हाताने भिंतीला मीठ पाजता. मागच्या विहिरीवर रहाट आहे. ओढ. चुना फडक्याने गाळून घे, त्यात भाताची खळ घाल, ताकाइतका पातळ कर. भिंतीवर आधी गोड्या पाण्याचा हलका हबका मार. मग चुन्याचे तीन हात द्यायचे, दर दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. ऊन भिंतीवर असताना लावू नकोस. पश्चिमेला सकाळी सावली असते, तेव्हाच. पहिला हात लावल्यावर वाटेल काहीच दिसत नाही, फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी दिसतं.

या वेळी काही लपवत नाही. चुना डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. चष्मा लाव. तुझा तुझ्याकडे असेलच.

प्रश्न चौथा. भावोजींना घर हवं होतं, ते मला समजतं. पुरुषांना कागदावर नाव हवं असतं. पण तुला कुणी सांगितलं नसताना तू माझा चष्मा का काढलास? मी तुझं काय केलं होतं?

वैजयंती


सोलापूर
१६ मे २०२५

कुमुद,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. उत्तर आज लिहिते.

तू लिहिलेलं इथे उतरवून काढते, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल.

"चोवीस वर्षं मी त्या घरात पाहुणी होते. कौलं कधी चाळायची तुम्ही ठरवायचात. चुना तुम्ही लावायचात. मी एकदा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मागची भिंत चुन्याने रंगवली. तुम्ही आलात, बघितलीत, काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती पुन्हा लावलीत. आणि कुंचे ट्रंकेत ठेवून कुलूप घातलंत. किल्ली कमरेला. दादा आजारी होते तेव्हासुद्धा किल्ली मला दिली नाहीत. आळीत सगळे म्हणायचे, थोरलीचं घर. हे आतासुद्धा म्हणतात. एकदा तरी माझं म्हणतील म्हणून काढला चष्मा. आणि बघा."

मागच्या भिंतीचं मी विसरले होते. तू लिहिल्यावर सगळं समोर आलं. तू चुना दाट लावला होतास, सुकल्यावर त्याचे पोपडे सुटले असते. हे मी तुला तेव्हा सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तुला जमलं असतं. त्या घरात सासूबाईंनी मला हसून हसून शिकवलं आणि जे शिकले त्याचंच मी कुलूप केलं. मला मूल नव्हतं, कुमुद. भिंती होत्या.

हे कबूल करते. पण क्षमा वगैरे मागत नाही. तू दाट चुना लावलास म्हणून मी तुला गोठ्यात टाकलं नव्हतं.

तू पुढे लिहितेस की भिंत पांढरी झाली, संध्याकाळी उन्हात डोळे दिपतात, आणि भावोजी अंगणात उभे राहून बराच वेळ बघत होते, "वहिनींच्या वेळी" हे शब्द या वेळी तोंडातून निघाले नाहीत. तू एकटीने रहाट ओढलास, तीन हात दिलेस. वाचून मला हेवा वाटला. आनंदही झाला असावा. दोन्ही वेगळं काढता येईना, म्हणून पाच दिवस लागले.

राहिलेली गोष्ट. पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, त्याच्यापुढे नुसता चुना टिकणार नाही. माडाच्या झावळ्या दोन दिवस पाण्यात भिजत घाल आणि झापं विणून घे. आळीच्या टोकाला विणणाऱ्या बायका आहेत अजून, पण लवकर जा, मे अखेर त्यांच्याकडे रांग लागते. बांबूची चौकट भिंतीला टेकवू नकोस. भिंत आणि झाप यांच्यात वीतभर जागा सोड, वारा खेळला पाहिजे. खालून दोन हात उघडं ठेव. पाहुण्यांना समुद्र दिसणार नाही म्हणून भावोजी कटकट करतील. करू देत. पागोळ्या पडतात तिथे दगडगोटे पसर, म्हणजे चिखल उडून भिंतीला लागणार नाही.

या पत्रात प्रश्न नाही.

वैजयंती


सोलापूर
१ जून २०२५

कुमुद,

हे शेवटचं पत्र. सावकाश वाच आणि भावोजी घरात नसताना वाच.

हुस्ना पस्तीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. पत्राला तारीख, पूर्ण नाव आणि सही हवी ही सिस्टरांची शिकवण खरी, पण या वेळी ती हुस्नाची सूचना होती. गोणी, मीटर आणि चष्मा, तुझी तिन्ही पत्रं तिने तुमच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या वकिलांकडे पाठवली. हक्कसोडपत्र फसवून करून घेतलं, ते रद्द करावं, असा दावा दोन मेला, कोर्टाला सुट्टी लागायच्या आधी दाखल झाला आहे. समन्स या आठवड्यात घरी येईल. तारीख एकोणीस जून.

म्हणजे चुना लावताना, झापं बांधताना तू माझ्या घराची डागडुजी करत होतीस. मी तुला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, ती याचसाठी. मोडकं घर परत घेऊन मी काय करू? मार्चपासून मी रोज सकाळी उठून हाच हिशेब मनात घोळवत होते. भावोजी भिंतीकडे कौतुकाने बघतायत आणि पोस्टाने कागद येतो आहे, हे चित्र मी चहाबरोबर रोज बघत होते. त्यांना भर कोर्टात ते सगळं आपल्या बायकोच्या अक्षरात वाचायला लागावं. परका साक्षीदार नको होता मला. तूच हवी होतीस. त्या माणसाने मला आईच्या जागी म्हणत कागद पुढे सरकवला होता. "वाचून बघा हवं तर."

इथवर सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. पण दावा दाखल झाल्यावर तुझं ते चौथं उत्तर आलं. ते मी वकिलांना पाठवलेलं नाही. माझ्यापाशी आहे.

ते वाचल्यावर मी हुस्नाला एक काम सांगितलं. तिने तुमच्या ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा उतारा मागवला. मला वाटलं होतं, माझा वाटा सोडवून घेतल्यावर भावोजींनी तुझं नाव सोबत लावलं असेल. नाही लावलं. त्या उताऱ्यावर एकच नाव आहे, विद्याधर. सव्वीस वर्षं झाली तुला त्या घरात, तू माझा चष्मा काढलास, माझ्या साड्या भरल्यास, हात भाजून घेतलेस, आणि कागदावर तू कुठेही नाहीस. उद्या ते गेले तर तुझ्यापुढेही कुणीतरी एखादा कागद सरकवील. त्या दिवशी तुझा चष्मा कोण लपवील ते मला माहीत नाही.

म्हणून ऐक. कोर्टात तुला विचारतील, ही पत्रं तुमची का? तू नाही म्हणू शकतेस. अक्षर जुळवून बघतील, वर्षं जातील, मी बासष्टची आहे, कदाचित निकाल लागायच्या आत संपेन. तसं झालं तर माझा जो काही वाटा असेल तो मी शाळेतल्या अनाथ मुलींच्या नावाने लिहून ठेवला आहे, आणि भावोजींना त्या घरात अर्ध्या भिंतींपलीकडे नन राहायला आलेल्या बघाव्या लागतील. तेही मला चालेल. फार चालेल.

किंवा तू हो म्हणू शकतेस. त्यांच्याकडे न बघता, मोठ्याने. तसं केलंस तर माझा अर्धा वाटा माझ्यानंतर तुझा. विद्याधरांचा नाही, तुमच्या दोघांचा नाही. कुमुदिनी या एकाच नावाचा. मृत्युपत्राचा मसुदा हुस्नाच्या टेबलावर आहे. मी असेपर्यंत समुद्राकडची खोली माझी राहील, आणि चुना आपण दोघी लावू. तू दाट लावलास तर मी बोलेन. तुला ऐकावं लागेल.

यात माझं प्रेम आहे असं समजू नकोस. माझ्या सुडासाठी यापेक्षा चांगला मार्ग मला सापडला नाही. ज्या बायकोला त्यांनी वापरून घेतलं, तिच्याच नावावर अर्धं घर व्हावं आणि तिच्यासमोर त्यांना रोज जेवायला बसावं लागावं, ही शिक्षा कुठला न्यायाधीश देणार आहे?

हुस्ना माझ्यावर रागावली आहे. सकाळी हे पत्र वाचून म्हणाली, "वैजू, पागल झालीस का? साक्षीदाराला असं लिहितात? हे त्यांच्या वकिलाच्या हाती पडलं तर म्हणतील, बाईने साक्ष विकत घेतली. दावा संपला. फाड ते." ती चिडून जिना उतरून गेली, चहासुद्धा घेतला नाही. चंद्रव्वा खालून ओरडल्या, "वकीलबाई, भांडून जाताव व्हय? दोन घास खाऊन तरी जावा की!"

मी फाडलं नाही. तुझी तीन पत्रं माझ्या हातात आहेत, आता माझं हे एक तुझ्या हातात. भावोजींना दाखवलंस तर मी हरेन, आणि तू जशी होतीस तशी राहशील. ते तुझ्यावर खूश होतील, काही दिवस.

मी अठराला दुपारच्या एसटीने येते आहे. तुमच्याकडे उतरणार नाही, स्टँडसमोरच्या लॉजवर खोली सांगितली आहे. मला आणायला कुणाला पाठवू नकोस आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस. एकोणीसला सकाळी अकरा वाजता, त्यांच्या शेजारी उभी राहून, तोंडाने दे.

वैजयंती